हरकत असेल तर आत्ताच सांगा

आमच्या सोसायटीत माणसांना नावं नसतात, फ्लॅट नंबर असतात. 'पाचशेसहाचा मेंटेनन्स थकलाय.' 'तीनशेएकच्या बाथरूममधून गळती आहे.' मी एकशेचार. आणि ज्या माणसाशी मी सलग तीन वर्षं भांडले तो सातशेदोन. ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनवर आमची तळ अधिक सात मजल्यांची, छप्पन्न फ्लॅटची इमारत आहे. जिन्यातलं प्लास्टर सुटलंय, गच्चीवर पाणी साचतं, आणि पुनर्विकास हा शब्द काढला की दोन तट पडतात. मी सोसायटीची खजिनदार. राममारुती रोडवर अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते, वय शेहेचाळीस, घटस्फोटाला आठ वर्षं झाली. तो स्ट्रक्चरल इंजिनीअर, वय एकोणपन्नास, बायको जाऊन सहा वर्षं.

आम्ही अजूनही भांडतो, पण आता इतरही पुष्कळ काही करतो. ज्या दोन-तीन मैत्रिणींना हे ठाऊक आहे त्यांनी आधी तोंडावर हात ठेवला आणि आठवड्याभरात एकेकटीने फोन करून हळूच विचारलं, 'पण नेमकं करायचं कसं गं?' एकीचं म्हणे ब्रिज खेळताना समोर बसणाऱ्या एका गृहस्थावर डोकं फिरतं, आणि ते फक्त रागानेच फिरतं याची तिला आता खात्री नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

पहिल्यांदा भांडणाचं ऑडिट

भांडण आणि भांडण यांत फरक असतो. आमचं सुरू झालं ते स्वयंपुनर्विकासावरून. माझं म्हणणं, बिल्डरला जमीन देऊन त्याच्या मागे भाड्यासाठी फिरण्यापेक्षा सोसायटीने स्वतः कर्ज काढून इमारत बांधावी. त्याचं म्हणणं, ज्या सोसायटीला लिफ्टचं एएमसी, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कंत्राटाचे पैसे, वेळेवर भरता येत नाही तिने बावीस मजले बांधायला जाऊ नये. हे तो वार्षिक सर्वसाधारण सभेत, माइकवर, सगळ्यांसमोर म्हणाला. लिफ्टचं एएमसी मी भरते.

मग ग्रुपवर युद्ध. आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं: 'सन्माननीय' म्हणायला लागलो. 'सन्माननीय सभासद ७०२ यांनी विषयपत्रिका वाचण्याचे कष्ट घेतले असते तर...' रात्री साडेबाराला मी असं टाइप करायची आणि दोन निळ्या रेघा उमटेपर्यंत झोपायची नाही. माझ्या मुलीने, ती तेव्हा बारावीला होती, एकदा शांतपणे सांगितलं, 'आई, त्या माणसाला उत्तर द्यायच्या आधी तू केस विंचरतेस.' मी म्हटलं, काहीतरीच. पण त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. विंचरत होते खरी.

तुमच्या भांडणात पहिली गोष्ट ही बघा, की समोरचा माणूस तुमचं म्हणणं पुरतं ऐकतो का. पटवून घ्यायलाच हवं असं नाही, ऐकायला हवं. मी खर्चाचा अकरा पानी तक्ता केला होता. माझ्या बाजूच्या एकानेही तो उघडला नाही, 'मॅडमनी केलाय म्हणजे बरोबरच असणार' म्हणून अंगठे टाकले. सातशेदोनने मात्र पान चारवर लाल गोल करून पाठवला: दोन बाल्कन्या कार्पेट एरियात दोनदा धरल्या गेल्यात. खरंच धरल्या गेल्या होत्या. मी त्याच्या तक्त्यातला जीएसटीचा घोळ काढून परत पाठवला. अख्ख्या ठाण्यात माझा अकरा पानी तक्ता वाचणारा एकच माणूस होता आणि मी त्याचा द्वेष करत होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. राग चालतो, तुच्छता चालत नाही. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कित्येक दशकं जोडप्यांची भांडणं समोर बसवून बघितली, आणि नातं मोडण्याचं सगळ्यात मोठं लक्षण म्हणून त्याने तुच्छतेवर बोट ठेवलं: डोळे फिरवणं, नक्कल करणं, खालच्या पायरीवरच्या माणसाशी बोलावं तसं बोलणं. मला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. माझा नवरा माझ्याशी अकरा वर्षांत एकदाही भांडला नाही. मी हिशेब दाखवला की हसायचा आणि म्हणायचा, 'छान गं.' त्या 'छान गं'मध्ये मी हळूहळू मेले. सातशेदोन माझ्यावर ओरडला, माझं बोलणं तोडलं, एकदा तर खुर्ची मागे ढकलून उठला. पण 'छान गं' नाही म्हणाला.

तर तुमच्या माणसाच्या रागाखाली तुच्छता असेल तर पुढे वाचू नका. तुमच्या अंगाला काहीही वाटत असलं तरी नाही. तुच्छतेच्या अंथरुणात ऊब नसते, हे मी अनुभवाने सांगते.

अंगातली धडधड कशाची, ते बघा

मे महिना होता, पाणीकपात होती आणि टँकर रात्री पावणेबाराला आला. चलनावर सही खजिनदाराची लागते म्हणून मी गाऊनवर ओढणी टाकून खाली गेले. पंप पाणी ओढत नव्हता म्हणून वॉचमनने सातव्या मजल्यावरून त्यालाही बोलावलं. तळटाकीचं झाकण उघडं, मी टॉर्च धरलेला, तो उकिडवा बसून पाना घेऊन व्हॉल्व्हशी झटतोय.

टँकर दहा हजार लिटरचा म्हणून पैसे मागत होते. मी टँकर यायच्या आधी टाकीत बांबू घालून ठेवला होता. माझी ती जुनी सवय आहे. आधी चाळीस सेंटिमीटर पाणी, नंतर एकशेवीस. टाकी चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, म्हणजे तळ दहा चौरस मीटर. दर दहा सेंटिमीटरला एक हजार लिटर. ऐंशी सेंटिमीटर वाढलं म्हणजे आठ हजार. मी म्हटलं, आठच आलंय. तो खालूनच म्हणाला, 'दहा आलंय, पाइप रिकामा होईपर्यंत मी उभा होतो.' मी म्हटलं, 'तुम्ही पाइप बघितलात, मी पाणी बघितलं.'

तो उठला. माझ्या हातातून बांबू घेतला, टाकीत सोडला, बाहेर काढून ओल्या खुणेवर अंगठा धरला आणि टॉर्चच्या उजेडात मोजलं. ओठांतल्या ओठांत हिशेब केला. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, 'तुमचं बरोबर आहे. आठ.'

एवढंच. पण हे वाक्य एखाद्या पुरुषाने खाली न बघता, हसण्यावारी न नेता, 'पण' न लावता म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगटावरचे केस पाण्याने एका बाजूला चिकटलेले, हाताला लोखंडाचा वास. बांबू परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर अर्धा क्षण जास्त राहिली, की मीच सोडला नाही, ठाऊक नाही. पोटात काहीतरी सरकन खाली गेलं. पैसे आठ हजार लिटरचेच दिले. घरी येऊन पंख्याखाली बसले तर हात थरथरत होते, आणि तो राग नव्हता.

पण थांबा. इथेच बहुतेक जण घसरतात. रात्र, धावपळ, टँकरवाल्याशी हुज्जत, हे सगळं असताना छाती कशानेही धडधडते. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन या दोघांनी कॅनडात एक प्रयोग केला होता. कॅपिलानो नदीवर खोल दरीवरून जाणारा एक हलता झुलता पूल आहे. त्यावरून येणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवायची, छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि आपला फोन नंबर द्यायची. तसंच वरच्या अंगाला एका बुटक्या, भक्कम पुलावरही. भक्कम पुलावर नंबर घेतलेल्या सोळांपैकी दोघांनी फोन केला. हलत्या पुलावरच्या अठरांपैकी नऊ जणांनी. भीतीने वाढलेली धडधड त्यांच्या मनाने त्या मुलीच्या नावे टाकली, असा निष्कर्ष. अकाउंट्सच्या भाषेत, रक्कम बरोबर, खातं चुकलं. आकडे फार छोटे आहेत, चौतीस माणसांवर मी ताळेबंद मांडणार नाही. पण तपासायची पद्धत मात्र त्यातून मिळते.

पद्धत अशी: त्या माणसाला पुलावरून उतरलेला बघा. भांडण नाही, प्रेक्षक नाहीत, घाई नाही, अशा वेळी. मी मुद्दाम ठरवून नाही केलं, आपोआप झालं. रविवारी सकाळी पावणेसातला दुधाच्या केंद्रावर तो माझ्या पुढे रांगेत होता. गळ्याशी सैल झालेला टी-शर्ट, मागचे केस उभे, एक डोळा सुजलेला. सुट्टे मोजताना दोन रुपयांचं नाणं खाली पडलं आणि ते उचलताना कमरेला हात लावून 'आई गं' म्हणाला. यात मर्दानी काही नव्हतं. माझी छाती धडधडत नव्हती, उलट सगळं शांत होतं. आणि त्या शांततेत मला त्याच्या मानेवर उमटलेला उशीचा वळ दिसत होता आणि तो बोटाने पुसावासा वाटत होता.

तुम्हाला असा उशीचा वळ दिसला, तर खातं बरोबर आहे. नाही दिसला, फक्त मीटिंगमध्येच काहीतरी होत असेल, तर त्या धडधडीचा उपयोग करून मीटिंग जिंका आणि घरी जाऊन जेवा.

कुठे पाऊल ठेवायचं नाही

हे पटकन उरकते, कारण यात चर्चा करण्यासारखं काही नाही. दोघांपैकी एकाचं जरी लग्न चालू असेल तर माझ्याकडून सल्ला मिळणार नाही. व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१८ साली रद्द केलं, पण घटस्फोटाचं कारण तो आजही आहे, आणि घरातल्या तिसऱ्या माणसाची झोप कुठल्याच कलमात बसत नाही.

एकाची पगारवाढ, गुण, निवड किंवा नोकरी दुसऱ्याच्या हातात असेल तरी नाही. तिथे समोरचं माणूस भांडतंय की भांडायची हिंमत करतंय हेच कळत नाही, मग 'हो' कसं कळणार? ऑफिसात जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असायलाच लागते. ती कुणासाठी आहे ते वाचून ठेवा. बरोबरीचे असाल, वेगवेगळ्या टीममध्ये असाल, तरी एचआरचा नियम आधी बघा, मग माणूस बघा.

आमच्या बाबतीत पैसा मध्ये होता. पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमायची होती, त्यांच्या बिलांवर माझी सही, आणि त्या बिलांना सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा तो. मी पद सोडलं नाही. पण दुधाच्या रांगेनंतरच्या सोमवारी अध्यक्षांना सांगितलं, की पुनर्विकासाच्या बिलांवर यापुढे माझ्याऐवजी सचिवांची सही घ्या, कारण वैयक्तिक आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि काही विचारलं नाही. तोपर्यंत आमच्यात काहीही घडलेलं नव्हतं. हे आधी करायचं. नंतर केलं तर ते लपवाछपवी दिसतं, आणि असतंही.

सांगायचं कसं

मराठीत ही मोठीच पंचाईत आहे. 'मला तुमच्याविषयी आकर्षण वाटतं' म्हटलं की मासिकातलं प्रश्नोत्तराचं सदर आठवतं. 'माझं तुमच्यावर प्रेम आहे' हे खोटं, निदान त्या टप्प्यावर तरी. आणि जे खरं वाटत असतं त्याला आपल्याकडे एकतर संस्कृत शब्द आहेत नाहीतर शिव्या.

जागा आधी ठरवा. त्याचं घर नको, तुमचं नको, सोसायटीचं ऑफिस तर मुळीच नको. जिथून दोघांनाही उठून चालतं होता येईल आणि कुणी दार अडवून उभं नसेल अशी जागा. मी उपवन तलाव निवडला, सकाळी साडेसहाला. येऊरच्या डोंगराकडून गार वारा येतो, चालणारे लोक आपापल्या पावलांत असतात, आणि ओळखीचं कुणी भेटलंच तर दोन सभासद सकाळी फिरताना पुनर्विकासावर भांडतायत, यात नवल काय? तो त्याच्या स्कूटरवर आला, मी माझ्या.

वाक्य मी चार दिवस घोकलं होतं. म्हटलं, 'भांडण बाजूला ठेवून एक सांगायचंय. तुम्ही मला आवडायला लागलाय. सभासद म्हणून नाही, पुरुष म्हणून. उत्तर आज नकोय. आणि नाही म्हणालात तर मंगळवारच्या मीटिंगमध्ये मी इतकीच भांडेन. जास्त नाही, कमी नाही.'

तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, 'कमी भांडलात तर मला कळेल.' आणि थोड्या वेळाने, 'मला दोन दिवस द्या.'

हे वाक्य तसंच्या तसं वापरू नका, तुमचं तुम्ही करा. पण त्यातल्या तीन गोष्टी तपासून घ्या: स्वतःबद्दल बोला, उत्तराची घाई करू नका, आणि नकाराची किंमत शून्य आहे हे आधीच सांगा. 'तुम्हालाही वाटतंय ना?' हे चुकूनही विचारू नका; तो प्रश्न नसतो, तो धक्का असतो. रात्री अकरानंतर मेसेजवरही नको. आणि नकार आला तर 'इतकीच भांडेन' हा शब्द पाळायचा. रुसून ग्रुप सोडायचा नाही, त्याच्या पार्किंगची तक्रार उकरून काढायची नाही.

ते दोन दिवस मी मुलांना घसारा शिकवला. त्यातल्या एका उदाहरणात मशीनची किंमत चुकून सातशे दोन रुपये लिहिली.

दोन दिवसांनी त्याच बाकावर तो म्हणाला, 'हो. पण मला भीती वाटते. कशाची ते सांगता येणार नाही नीट.' मला सांगायची गरज नव्हती. सहा वर्षं ज्याला कुणी स्पर्श केलेला नाही, त्याला भीती वाटणारच. मलाही वाटत होती. मग त्याने विचारलं, 'हात धरू का?' सभेत माझ्या हातातून माइक ओढून घेणारा माणूस!

हरकत

आता मूळ मुद्दा. ज्यांच्यात आधी चढाओढ असते त्यांच्या जवळिकीतही ती उतरते. ती असू द्या, तीच तर गंमत आहे. कोण आधी हसेल, कोण आधी हार मानेल, कोण कोणाला थांबायला लावेल. पण खेळ आणि जबरदस्ती यांच्यामधली रेघ भांडखोर माणसांना लवकर दिसत नाही, कारण त्यांना 'नाही' ऐकून पुढे रेटायची सवय असते. सभेत मी 'नाही' म्हणाले की तो दुप्पट जोराने बोलतो, तोही म्हणाला की मीही. ती सवय दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावी लागते.

आम्ही एक शब्द ठरवला. सभेत ठराव मांडला की अध्यक्ष विचारतात, 'कुणाची हरकत?' तोच घेतला. कुणीही, कधीही, अर्ध्यात, 'हरकत' म्हणालं की त्या क्षणी थांबायचं, कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही. पहिल्या महिन्यात तो दोनदा म्हणाला, मी तीनदा. एकदा तर कारण एवढंच होतं की माझ्या गुडघ्यात कळ आली आणि त्याला पाठीचा पट्टा काढायचा राहिला होता. दोघं पोट धरून हसलो. तिशीतल्या लोकांना हे सुख माहीत नसतं.

आणि एक उलटी गोष्ट. मराठीत आपण 'हरकत नाही' हे सगळीकडे म्हणतो. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. पाहुणे चार दिवस राहिले, हरकत नाही. यात 'मला नको होतं पण चालवून घेते' एवढंच असतं. म्हणून आमच्याकडे 'हरकत नाही' हे होकार म्हणून धरत नाहीत. 'हो' लागतं. किंवा जवळ ओढून घेणं लागतं. पहिल्यांदा तो विचारून थांबला आणि मी सवयीने 'हरकत नाही' म्हणाले, तर म्हणाला, 'हे इतिवृत्तात चालत नाही. बाजूने की विरोधात?' बाजूने, मी म्हटलं, आणि त्याच्या शर्टाचं दुसरं बटण माझ्या हातात आलं. सभेत ज्या माणसाने मला कधी वाक्य पूर्ण करू दिलं नाही, त्याने त्या दुपारी मला एकेक वाक्य पूर्ण करू दिलं. शेवटचं तर मला शब्दांत करताच आलं नाही.

माझ्या वयाच्या बायकांसाठी दोन ओळी, कारण कुणी सांगत नाही. पाळी मागेपुढे व्हायला लागली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी पूर्ण थांबली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष, काळजी घ्यायची असते. शिवाय दोघांचंही आधीचं आयुष्य आहे, म्हणून कंडोम हवाच. तो आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणू नका, तिथला मुलगा तुमच्या क्लासचा माजी विद्यार्थी निघतो. मला नौपाड्यात जावं लागलं, तर तिथेही एक निघाला.

बिल्डिंगचे डोळे

लिफ्टमध्ये काही करू नका. लिफ्टच्या कॅमेऱ्याचं बिल मी पास केलंय, चित्र किती स्वच्छ येतं ते मला माहीत आहे. सातव्या मजल्यावर जायचं तर सहाव्यावर उतरून एक जिना चढणं हेही मूर्खपणाचं. वॉचमनला लगेच कळतं. सरळ जा, हातात फाइल घेऊन. तीन महिने मी एकच फाइल नेत होते, त्यात २०१७ ची लाइट बिलं होती.

आणि घरच्यांना बाहेरून कळू देऊ नका. माझ्या मुलीला मी स्वतः सांगितलं, मसुंदा तलावावर, भेळ खाता खाता. ती म्हणाली, 'तू त्याचा मेसेज आला की मोबाइल उलटा ठेवतेस, मला कधीचं कळलंय. भेळ संपव.' त्याच्या पुण्याच्या मुलाला सांगायला मात्र पाच महिने लागले, आणि तिथे मी काही बोलले नाही. त्या मुलाच्या आईच्या जागेचा प्रश्न होता. तिथला वेग सातशेदोनचा.

भांडण बंद करू नका

हे सगळ्यात अवघड. लोकांना वाटतं जवळ आलं की मतं जुळतात, किंवा जुळवून घ्यावीत. तसं केलंत तर ज्या गोष्टीने तुम्हाला त्याच्याकडे ओढलं तीच जाईल, आणि शिवाय तुमच्या बाजूच्या लोकांचा विश्वासघात होईल. मी एकही मुद्दा त्याच्यासाठी सोडला नाही. तोही नाही. त्याच्या घरी पुनर्विकासावर बोलायचं नाही, हा एकच नियम. सभेत मुभा.

विशेष सर्वसाधारण सभा नोव्हेंबरात झाली. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आमचा हिशेब होता: एकूण सभासदांच्या एक्कावन्न टक्के, म्हणजे छप्पन्नपैकी एकोणतीस मतं हवीत. त्रेचाळीस जण हजर. मी स्वयंपुनर्विकासाचा ठराव मांडला, तो विरोधाला उभा राहिला. तासभर आम्ही एकमेकांचे तुकडे पाडले. त्याने व्याजदर काढला, मी बिल्डरांची थकलेली भाडी काढली. त्याने ठेकेदार पळाला तर काय विचारलं, मी बँक हमी वाचून दाखवली. माझ्या बाजूच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, त्याच्या बाजूचे पुरुष 'बोला, बोला' करत होते.

शेवटी मी म्हटलं, 'सन्माननीय सभासदांनी माझ्या तक्त्यात बाल्कन्यांचा आकडा अजून चुकीचा असल्याचं सांगितलं, तो मी दुरुस्त केलाय, पण ते न वाचताच बोलतायत.' त्याने कागद वर उचलला, पानं उलटली आणि वैतागून, टेबलावर हात आपटून म्हणाला,

'अगं, वाचलंय मी! तू पान चार बघ ना, बेरीज अजून चुकलीये तुझी!'

त्रेचाळीस माना आधी त्याच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तीन वर्षं जो माणूस मला 'तुम्ही'खेरीज काही म्हणाला नव्हता, घरी सुद्धा, अंथरुणात सुद्धा 'तुम्ही', तो सोसायटीच्या हॉलमध्ये अध्यक्षांच्या साक्षीने 'अगं' म्हणाला होता.

मी पान चार उघडलं. बेरीज चुकली होती.

सहसचिव काकूंनी पेन वर धरून विचारलं, 'हे इतिवृत्तात घ्यायचं का?'

'घ्या,' मी म्हटलं. 'त्याचं बरोबर आहे.'